गुरूच्या वाटेवरची टोळी

प्रति संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात ठळक चौकट होती : 'गुरूच्या मार्गात लघुग्रह, टक्कर होणार?' त्या दिवशी सकाळी आठच्या आत मला तीन फोन आले. मी वाईत गंगापुरीत राहतो, चाळीस वर्षं भिक्षुकी करतो. भुईंजच्या एका यजमानांनी तर थेटच विचारलं, "गुरुजी, पोरीचं लग्न ठरलंय. गुरुबळ जातंय का आता? शांतीला किती येईल?"

सामानाची यादी दिली असती तर महिन्याचा किराणा सुटला असता, खोटं कशाला सांगू. पण लघुग्रह गुरूच्या वाटेवर आहे, एवढंच त्या बातमीत खरं. तोही एकटा नाही, असे दहा हजारांवर सापडलेत. वाट एक असली म्हणून गाठ पडतेच असं नाही.

पंचांग पाहणाऱ्याला हे राशी मोजून कळतं. गुरूची सूर्याभोवतीची फेरी बारा वर्षांना थोडी कमी, म्हणजे साधारण वर्षाला एक रास. या दगडांची एक टोळी गुरूच्या साठ अंश पुढे चालते, दुसरी साठ अंश मागे. साठ अंश म्हणजे दोन राशी. २०१६ च्या ऑगस्टात गुरू कन्येत आला, कन्यागताला कृष्णाकाठी माणूस मावत नव्हता, तेव्हा पुढची टोळी ढोबळमानाने वृश्चिकेत होती आणि मागची कर्केत. गुरू तुळेत गेला तशा त्याही एकेक रास सरकल्या. सूर्य, गुरू आणि टोळी मिळून समभुज त्रिकोण होतो. म्हणून गुरू सूर्यापासून जितका लांब, तितकाच टोळीपासूनही : सुमारे ७८ कोटी किलोमीटर. सूर्य आणि गुरू दोघांची ओढ मिळून त्या जागचा दगड गुरूच्याच चालीनं फिरत राहतो. खिळा ठोकल्यासारखा मात्र नाही. त्या बिंदूच्या मागेपुढे झुलतो, आणि एका झोक्याला सुमारे दीडशे वर्षं घेतो.

हे गणित लाग्रांज या गणितज्ञांनी १७७२ मध्ये मांडलं, तेव्हा असा एकही दगड कुणी पाहिलेला नव्हता. पहिला दिसला १९०६ मध्ये, जर्मनीत हायडेलबर्गला, माक्स वोल्फ या खगोलशास्त्रज्ञांना. त्याचं नाव अकिलीस. पुढे रिवाज पडला, की ग्रीक पुराणातल्या ट्रॉयच्या युद्धावरून पुढच्या टोळीला ग्रीक वीरांची नावं द्यायची, मागच्या टोळीला ट्रॉयच्या. पण त्याआधीच ट्रॉयचा हेक्टर ग्रीकांच्या छावणीत जाऊन बसला होता आणि ग्रीकांचा पॅट्रोक्लस ट्रॉयवाल्यांत. आपल्याकडे नाही का, युयुत्सू पांडवांकडे आला आणि शल्यमामा कौरवांकडे गेला! (हे मी परवा एका पारायणातही सांगून टाकलं.)

टक्करच छापायची हौस असेल तर १९९४ च्या जुलैमधली काढा. शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, त्याचे काळे डाग दुर्बिणीतून दिसले. तो धूमकेतू गुरूभोवतीच घिरट्या घालत होता, या टोळ्यांतला नव्हता. आणि त्या वर्षी वाईत लग्नं व्यवस्थित लागली. त्यातली बरीच मीच लावली.

तरी मूळ चौकटीएवढ्याच जागेत खुलासा द्यावा, ही विनंती. राशिभविष्याच्या शेजारी मात्र नको.

नासाचं ल्युसी यान २०२१ मध्ये निघालंय. ते पुढच्या टोळीतल्या पहिल्या लघुग्रहाजवळून ऑगस्ट २०२७ मध्ये जाणार आहे. तेव्हा गुरू सिंहेत असेल, टोळी तुळेत आणि मी सिंहस्थासाठी नाशकात. तिथे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा त्या दिवशीचा मथळा जरा जपून लिहावा. भुईंजच्या यजमानांना मी शांती नको म्हणून सांगितलंय. त्यांनी ती दुसऱ्या कुणाकडून करून घेतली का, ते अजून कळलेलं नाही.

आपला,
एक जुना वाचक, गंगापुरी, वाई (जि. सातारा)