म्हाताऱ्या कुत्र्या-मांजरांसाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात एक वार द्या

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात गाय अडली तर सरकारी डॉक्टर रात्री-अपरात्री येतात. १९६२ ला फोन लावला की फिरतं पथक गोठ्यापर्यंत पोचतं. कुत्र्याला रेबीजची लसही मिळते. पण तोच कुत्रा बारा वर्षांचा झाला, उठताना त्याचे मागचे पाय लटपटायला लागले, की एकच वाक्य ऐकून घरी यावं लागतं : "वय झालंय आता त्याचं."

वय म्हणजे आजार नव्हे. पाय लटपटतात ते बहुतेकदा सांधे झिजल्याने. तोंडाला वास येतो तो दातांवर कीट साचून हिरड्या पिकल्याने. नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात उतारवयात पू होतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर ती वाचते, नाहीतर जाते. यातल्या प्रत्येकावर काही ना काही करता येतं.

मांजरांचं तर लक्षातच येत नाही. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट आजार फार आढळतो आणि मूत्रपिंडाचं जवळपास दोन-तृतीयांश काम थांबेपर्यंत बाहेरून फारसं काही दिसत नाही. घरच्यांना जाणवतं ते एवढंच, की मांजर सारखं पाण्याच्या बादलीपाशी जातंय, पाठीवरून हात फिरवला तर मणके लागतायत. खरं तर पहिली तपासणी अगदी साधी आहे. रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे लघवीचा दाटपणा मोजायचं हातातलं छोटं यंत्र. त्याच्या काचेवर लघवीचे दोन थेंब टाकायचे, झाकण मिटून ते उजेडाकडे धरायचं आणि आतली रेघ कुठल्या आकड्यावर आली ते वाचायचं. त्याला वीजही लागत नाही. निरोगी मांजराच्या लघवीच्या दाटपणाचा आकडा सहसा १.०३५ च्या वर असतो. आकडा पुन्हा पुन्हा खाली आला, तर रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) आणि रक्तदाब बघायचा. वाढलेल्या रक्तदाबाने मांजर अचानक आंधळं होतं आणि त्यावर चालणारी अम्लोडिपिनची गोळी माणसांच्या औषधाच्या दुकानात मिळते. प्रश्न औषधाचा नाही, वेळेत तपासण्याचा आहे.

आणि तपासायला कुणी नसलं, की माणसं घरातलं औषध देतात. दुखतंय म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देतात. एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. मेलेली जनावरं खाणारी गिधाडं वाचावीत म्हणून २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर बंदी आली. तेवढ्याच गांभीर्याने पॅरासिटामॉलचा हा इशारा प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर लागायला हवा.

मुंबईत सोय आहे, हे मान्य. परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचं मोठं रुग्णालय सुरू झालं. पण सांगलीतल्या जत किंवा साताऱ्यातल्या माण तालुक्यातल्या माणसाने चालता न येणारा कुत्रा तिथवर न्यायचा कसा? हे शहरी लाड आहेत असं कुणी आपल्याला सांगेल, तर मेंढपाळाच्या वाड्यावर रात्रभर लांडग्याच्या वासावर जागणारा कुत्रा आठवावा. धान्याच्या खोलीतलं मांजर आठवावं. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं कामात घालवलेली असतात. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा पाळणाऱ्यावर प्राण्याच्या देखभालीचं कर्तव्य टाकतो. ते पार पाडायला जवळपास जागा नको का?

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आठवड्यातला एक वार सात वर्षांवरच्या कुत्र्या-मांजरांसाठी ठरवून द्यावा. त्या दिवशी वजन, दात, लघवी, रक्त आणि रक्तदाब एवढं बघितलं जावं. परवडेल अशी फी घ्या, आम्ही देऊ. सांधेदुखीची आणि हृदयाची, प्राण्यांना चालणारी औषधं खरेदीच्या यादीत घाला. पशुधन विकास अधिकाऱ्यांना नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडून याचं थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण द्या. कामाचा बोजा त्यांच्यावर आधीच खूप आहे, म्हणून रिकामी पदंही भरा. आणि जिथे उपायच उरला नाही, तिथे आधी भूल देऊन, वेदनेशिवाय शेवट करण्याची सोय त्याच दवाखान्यात असावी. आज असा जीव कित्येक दिवस ओसरीवर कण्हत पडतो आणि घरचे नुसते बघत राहतात.

सुरुवात एखाद्या जिल्ह्यापासून केली तरी चालेल. कोणता वार, कोणता जिल्हा, एवढं उत्तर आपल्याकडून यावं.

आपला नम्र,
सातारा जिल्ह्यातील एक पशुपालक