चाई पडली म्हणजे केस कायमचे गेले असं नाही गं

प्रिय मेधा,

तुझा फोटो नीट झूम करून बघितला. नाण्याएवढा गोल गुळगुळीत चट्टा, खाज नाही, खवले नाहीत, मला तरी ही चाई वाटतेय, डॉक्टर ज्याला ॲलोपेशिया अरेटा म्हणतात. पण नक्की काय ते स्किनचे डॉक्टरच सांगतील. तू टेन्शन घेतेस म्हणून झालं असं घरचे म्हणतात आणि तू ते मनाला लावून घेतलंस, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

ही ऑटोइम्युन भानगड आहे, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या आपल्याच टी पेशी केसाच्या मुळावर तुटून पडतात. थोडं आनुवंशिक असतं, पण शाम्पू चुकला म्हणून नाही होत, आणि दुसऱ्याला लागतही नाही, तेव्हा लेकीला खुशाल कुशीत घे. 100 जणांत साधारण 2 जणांना आयुष्यात कधीतरी होते. मलाही झाली होती, माहितीये तुला. मुख्य म्हणजे यात मूळ मरत नाही, हल्ला थांबला की केस परत येऊ शकतात, सुरुवातीला पांढरे आले तर घाबरू नकोस, रंग बहुतेक वेळा मागून येतो. चट्ट्याच्या कडेला बघ, तुटके आखूड केस दिसतील, वर जाड आणि मुळाशी बारीक, उद्गारचिन्हासारखे. नखांवर टाचणी टोचल्यासारखे खड्डे आहेत का तेही बघ आणि डॉक्टरांना सांग. थायरॉईडचं पण विचार, दोन्ही सोबत असू शकतं.

आता तुझ्या बहिणीचे केस गळतायत ते वेगळं प्रकरण. बाळंतपण, मोठा ताप, ऑपरेशन, एकदम उपाशी राहून केलेलं डाएट, असं काही झालं की दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात, सगळ्या डोक्याचे, चट्टे न पडता, आणि कारण गेलं की बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप थांबतं. भांग हळूहळू रुंद होत गेला तर ते पुन्हा तिसरंच, त्याला मिनॉक्सिडिल नावाचं औषध लावतात आणि ते लावत राहावं लागतं. लहान मुलाला खवले येऊन केस गेले तर आधी फंगस तपासायचं.

खरी घाई कुठे करायची सांगू? जिथे चट्ट्यावर आग होते, दुखतं, आणि कातडीवरची केसांची छिद्रंच बुजलेली दिसतात तिथे. त्यात मुळाच्या जागी व्रण होतो, गेलेले केस येत नाहीत, फक्त उरलेले वाचवता येतात, म्हणून एक महिना तेल बदलून बघू असं अजिबात करायचं नाही. शंका असेल तर डॉक्टर बायोप्सी करतात, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासतात.

तुझ्यासारख्या एखाद्या चट्ट्याला बहुधा स्टिरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात, चार-सहा आठवड्यांनी परत, टोचतात पण सहन होतं. काहींचे काही न करताही येतात. अख्ख्या डोक्याचे गेले तर आता बॅरिसिटिनिबसारख्या गोळ्या आहेत, अमेरिकेत 2022 साली यासाठी मंजूर झाल्या, पण रक्ततपासण्या कराव्या लागतात, इन्फेक्शनचा धोका असतो आणि बंद केल्यावर केस पुन्हा जाऊ शकतात. तुला इतक्यात त्याची गरज दिसत नाही. चाई परत येऊ शकते हेही आत्ताच सांगून ठेवते, नंतर कळलं की जास्त लागतं.

अपॉइंटमेंट कधीची मिळतेय ते कळव. त्या दिवशी तेल-बिल लावू नकोस, डोकं नीट दिसायला हवं त्यांना. मी सोबत येतेय, नाही म्हणू नकोस.

तुझीच,
नीता