आयकर सुधारणेला पैसाही द्या

महोदय,

1961चा आयकर कायदा जाऊन 1 एप्रिल 2026 पासून नवा लागू झाला. भाषा सोपी केली म्हणतात, बरंच आहे. पण कायदा राबवायला माणसं लागतात. 2023-24 मध्ये आयकरासारख्या प्रत्यक्ष करांचे शंभर रुपये गोळा करायला सरकारला पन्नास पैसेही लागले नाहीत. याचं कौतुक होतं. मला तर हा हात आखडता घेण्याचा प्रकार वाटतो.

आमच्याकडे शेतीचं उत्पन्न करमुक्त. तरी बँकेने ठेवीच्या व्याजावर टीडीएस (व्याज देतानाच कापायचा कर) कापला, की तो परत मिळवायला विवरणपत्र भरावंच लागतं, तेही ऑनलाइन. म्हाताऱ्या शेतकऱ्याला ते कुठून जमणार? मग तालुक्याला कोणाला तरी गाठून फी मोजायची. ‘फेसलेस’मुळे, म्हणजे समोरासमोर न येता ऑनलाइन चालणाऱ्या कामामुळे, साहेबाचं तोंड पाहावं लागत नाही, हे चांगलंच, पण नोटीस समजावून सांगणाराही दिसत नाही.

अधिकारी घडवणारी राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी नागपुरातच आहे. पुढच्या अर्थसंकल्पात निदान एवढी तरतूद व्हावी, की तालुक्याच्या गावी महिन्यातून एकदा मराठीत बोलणारा कर्मचारी बसेल. आठवडी बाजाराचा दिवस धरला तर उत्तमच.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ