मराठीच्या प्रकल्पात गुण भाषेला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनासाठी मराठीचा गटप्रकल्प म्हटला, की अजूनही कार्डशीट, चिकटवलेली चित्रे आणि चांगले अक्षर असलेल्या एकाच मुलीने लिहिलेली पाने जमा होतात. त्यावर उतारा म्हणून ‘बहुविध बुद्धिमत्ता’ हा शब्द वर्गात आला, पण वाटेत त्याचा अर्थ बिघडला. गाणाऱ्यांचा एक गट, चित्रवाल्यांचा दुसरा, नाटकवाल्यांचा तिसरा अशी वाटणी होते आणि चित्रवाल्या मुलांना प्रकल्पभर चार वाक्येही लिहावी लागत नाहीत.

बुद्धिमत्ता एकच नसून अनेक प्रकारची असते, असे सांगत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये भाषिक, सांगीतिक अशा सात बुद्धिमत्ता मांडल्या, पुढे निसर्गविषयक आठवी जोडली. प्रत्येकात या सगळ्या कमीअधिक असतात, असेच त्यांचे म्हणणे आहे. या सिद्धांताच्या पुराव्यांवर मानसशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. त्यामुळे मुलांवर शिक्के मारण्यासाठी तो वापरूच नये. एकाच मजकुरात शिरण्याच्या वेगवेगळ्या वाटा शोधायला मात्र तो चांगला उपयोगी पडतो.

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण घेऊ. सातवीच्या वर्गात ४८ मुले असतील तर सहा-सहांचे आठ गट करावेत. प्रत्येक गटात सफाईने वाचणारे आणि अडखळणारे असे दोन्ही असावेत. मुलांनी आजीकडून, शेजारणींकडून आणलेल्या ओव्यांतल्या दहा निवडून त्याच सर्वांना द्याव्यात. प्रश्नही सर्वांना एकच : ओवीतली बाई कुणाशी बोलते आणि काय सांगते? वाटा चारच ठेवाव्यात. जात्याच्या फेऱ्याशी लय जुळवून ओवी म्हणणे आणि शब्द कुठे ओढला, श्वास कुठे घेतला याच्या खुणा कागदावर करणे. कुणाला किती वेळा हाक मारली आहे याचा तक्ता करून त्यावरून निष्कर्ष लिहिणे. पिके, झाडे, पाऊसपाणी यांचे शब्द वेचून गावातल्या आजच्या नावांशी ताडून पाहणे. दळणाऱ्या दोघींचा संवाद लिहून सादर करणे. एकेका वाटेवर दोन गट असले की एकाच ओवीचे दोन अर्थ समोर येतात, आणि वर्गातली खरी चर्चा तिथेच सुरू होते.

पहिल्या दोन तासिका फक्त वाचन आणि अनोळखी शब्द. रंगपेटी तोवर दप्तरातच राहू द्यावी. एकदा ती उघडली की मुले मजकुराकडे परत येत नाहीत. तिसऱ्या तासिकेत प्रत्येकाने मूळ प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या वहीत ८० ते १०० शब्दांत लिहायचे. गटाचे काम चौथ्या-पाचव्या तासिकेत. सादरीकरणाला गटामागे चार मिनिटे धरली तरी ३२ मिनिटे होतात. ३५ मिनिटांच्या तासिकेत प्रश्नांना जागाच उरत नाही, म्हणून त्यासाठी दोन तासिका राखाव्यात.

२० पैकी १० गुण वहीतल्या लेखनाला, ५ चिठ्ठी टाकून प्रत्येकाला विचारलेल्या एका तोंडी प्रश्नाला आणि ५ गटाच्या सादरीकरणाला. सजावटीला शून्य, आणि हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावे. नाहीतर पालक बाजारातून सामान आणतातच.

संवादाचा गट वेशभूषेत अडकतो. लिखित संवाद दाखवल्याशिवाय तालीम सुरू करू देऊ नये. लयीचा गट सिनेमाच्या चालीकडे वळतो, मग चालीसाठी शब्द मोडले जातात आणि ओवीचा मूळ विसावा हरवतो. शिवाय मूल प्रत्येक वेळी तीच वाट निवडत असेल तर पुढच्या प्रकल्पात त्याला दुसरी वाट द्यायलाच हवी.

मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांना एक विनंती. प्रकल्प पाहायला याल तेव्हा भिंतीवरचे तक्ते जरूर पाहा, पण त्याआधी प्रत्येक गटातल्या कोणत्याही दोन मुलांच्या वह्या मागून घ्या.

कळावे,
उच्च प्राथमिक वर्गांना मराठी शिकवणाऱ्या शिक्षिका,
जि. सातारा