आधी पाणी, मग किल्ला

महोदय,
एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा आम्ही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभे होतो. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा आई तुळशीला घालायची. पुढे रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ वाचायला घेतले आणि दुर्गांच्या प्रकरणाशीच अडलो. अठराव्या शतकाच्या आरंभीचा, मराठेशाहीच्या राज्यकारभारावरचा हा ग्रंथ बजावतो : गडावर आधी पाणी पाहावे, मग किल्ला बांधावा. पाणी नसेल तर खडक फोडून टाकी खोदावीत. झरा आहे, पाणी पुरते आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात, असे कारणही तो देतो. ‘अर्थशास्त्र’ लिहिणारा कौटिल्यही दुर्गात अनेक वर्षे पुरेल असा धान्य वगैरेचा साठा ठेवायला आणि जुना माल काढून नवा भरायला सांगतो.

युद्धनीती म्हणजे नुसत्या तलवारी नव्हेत. मला तर तिथे धान्यपाण्याचा हिशेबच जास्त दिसला. आमच्याकडे धरण भरले की जलपूजन होते आणि टंचाईचा विषय थेट पुढच्या उन्हाळ्यात निघतो. मराठवाड्यातल्या प्रत्येक लोकप्रतिनिधीने निवडून आल्यावर निदान ते एक प्रकरण वाचावे, ही कळकळीची विनंती. आमच्या गल्लीतली जुनी विहीर अजून कचऱ्याने बुजलेली आहे.

– एक वाचक, लातूर