जवसाच्या तेलाचा डबा

आई, बाबा,

फोनवर फवारणीच्या औषधाचा विषय काढला की बाबा "बरं, नागपूरला पाऊस आहे का" म्हणून मोकळे होतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. दादाला सांगा वाचून दाखवायला, आणि मधेमधे गाळू नको म्हणावं.

दिवाळीत आले होते तेव्हा चुलीमागे तो फवारणीच्या औषधाचा पांढरा पाच लिटरचा डबा दिसला. आई, तू तेलघाणीवरून आणलेलं जवसाचं तेल त्यात ठेवलं होतंस. मी विचारलं तर म्हणालीस राखेनं घासला, दोनदा गरम पाण्यानं धुतला, उन्हात ठेवला, आता काय होते त्याले. लेबल तू खरवडून काढलंस पण खालच्या कडेला लाल त्रिकोणाचं टोक राहिलंच होतं. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. ते औषध प्लास्टिकमध्ये मुरतं आई, राखेनं वास जातो, औषध जात नाही, आणि वर तेल घातलं की तेल ते ओढून घेतं. त्या दिवशी सगळे घरी होते म्हणून मी गप्प बसले, ते चुकलंच माझं.

2013 च्या जुलैत बिहारमध्ये छपऱ्याकडच्या एका गावात शाळेतलं दुपारचं जेवण खाऊन 23 पोरं गेली. जेवणात काही शिळं नव्हतं, भात आणि भाजीच होती, पण तपासणीत तेलात मोनोक्रोटोफॉस नावाचं कीटकनाशक निघालं. तेच, जे आपल्याकडे पऱ्हाटीवर, कपाशीवर मारतात. आता सांग, मी कशी गप्प बसू, घरात दादाची दोन पोरं आहेत आणि जवसाची चटणी त्यांनाच जास्त आवडते.

आता बाबा. 2017 विसरला नसाल तुम्ही. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, पंपाचा नोझल वर धरून मारावं लागायचं आणि फवारा परत तोंडावर यायचा, त्यात ऑक्टोबरचं ऊन, अंगात बनियन, दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवलेली कारण कृषी केंद्रवाल्यानं सांगितलं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात 20 च्या वर माणसं गेली त्या हंगामात, शेकडो जण दवाखान्यात. आपला गडी चार दिवस यवतमाळच्या मेडिकलला होता, त्याला समोरचं धूसर दिसायचं, तुम्हीच त्याला पाणी पाजायला गेला होतात ना. आणि तरी यावर्षी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, नोझल अडकला तर तुम्ही तोंडानं फुंकून काढला. तोंडानं! बाबा, टाचणी सुद्धा नको, साधा जुना टूथब्रश ठेवा पंपाला बांधून, पण तोंड लावू नका हो.

संध्याकाळी डोकं धरतं, मळमळतं, घाम सुटतो, तुम्ही म्हणता ऊन लागलं. नुसतं ऊन नसतं ते. आमच्या लॅबमध्ये कोलिनेस्टरेज म्हणून रक्ताची टेस्ट होते, नसांचं काम नीट चालवणारं एन्झाइम आहे ते, मोनोक्रोटोफॉससारखी औषधं तेच दाबतात आणि रोज थोडं थोडं दाबलं गेलं तर भरून यायला आठवडे लागतात, म्हणून पहिल्या दिवशी काही होत नाही अन् सहाव्या दिवशी माणूस धुऱ्यावर, बांधावरच बसतो. पुढच्या हंगामात फवारणी सुरू व्हायच्या आधी एकदा आणि मग मधे एकदा रक्त द्या, एवढं ऐका माझं.

फवारणीचा शर्ट खुंटीला लटकवून ठेवता तो आई पोरांच्या कपड्यांबरोबर बादलीत टाकते, ते बंद करा, त्याची बादली वेगळी. आणि उरलेलं औषध धुऱ्यावरच्या वांग्यांना मारून संपवायचं तर मुळीच नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर मारायला 2005 पासून बंदी आहे, आणि ती वांगी आपणच खातो.

फवारूच नका असं मी म्हणत नाहीये, गुलाबी बोंडअळी काय करते ते मला पण माहीत आहे, वावर तुमचं आहे. पण मजूर मिळत नाही म्हणून साठीतल्या माणसानं पाठीवर पंप घेऊन वाऱ्याच्या तोंडाला उभं राहायचं, याला मी हो म्हणणार नाही. मजुरीचे पैसे मी पाठवते, आणि जो येईल त्याला पण हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या, तो पण कुणाचा बाप आहे.

आई, ते तेल कढईत घालू नको, दिव्याला जाळू नको आणि म्हशीच्या अंगाला पण चोळू नको, मला माहितीये तू काय विचार करत असशील. झाकण लावून गोठ्याच्या माळ्यावर ठेव, मी आल्यावर बघू. बाकीचे रिकामे डबे बाबांना खिळ्यानं भोकं पाडून ठेवायला सांग म्हणजे कुणी पाणी सुद्धा भरणार नाही.

स्टीलचा डबा कुरिअरनं टाकलाय, दहा लिटरचा, झाकण जरा घट्ट आहे.

तुमची,
ताई