सर, त्या फूटभर वायरीबद्दल

आदरणीय सर,
सा. न.

तुमच्यासमोर बसून हे बोलणं मला जमलं नसतं, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

निफाडहून एसटीने रोज नाशिकला क्लासला यायचे तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात तिथे ऐकवलं गेलं, की मराठी माध्यमाच्या मुलांना प्रोग्रामिंग जड जातं. ते मनाला फार लागलं. इंदिरानगरच्या आत्याने मला हाताला धरून तुमच्याकडे आणलं.

तुम्ही कॉम्प्युटर सुरूच केला नाहीत. विचारलंत, "द्राक्षं कधी काढायची हे बाबा कसं ठरवतात?" मी म्हटलं, साखर बघून. मग माझ्याच वहीत लिहायला लावलंत: जर साखर १८ ब्रिक्सच्या खाली, तर थांब, नाहीतर काढणी धर. "झाला प्रोग्राम," म्हणालात. "आता 'जर' खोडून 'इफ' लिही."

त्याच दुपारी ग्रेस हॉपर माझ्या आयुष्यात आल्या. गणितात येलची डॉक्टरेट घेतलेल्या या प्राध्यापक बाई १९४३ मध्ये अमेरिकन नौदलात गेल्या, पुढच्या वर्षी हार्वर्डच्या मार्क १ या गणकयंत्रावर काम करू लागल्या आणि १९५२ मध्ये त्यांनी पहिल्या कंपायलरांपैकी (माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामांपैकी) एक तयार केला. पण तुम्ही रंगून सांगितलंत ते पुढचं. हिशेब ठेवणाऱ्यांना चिन्हं नकोत, शब्द हवेत, असा बाईंचा आग्रह. यंत्राला इंग्रजी कळत नाही, असं लोक म्हणत. बाईंनी इंग्रजी शब्दांचा नमुना दाखवलाच, वर तोच प्रोग्राम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही मांडला. वरिष्ठ हबकले! यंत्राला सगळे शब्द सारखेच परके, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. मला मात्र ते तुम्ही सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. त्या रात्री मला किती शांत झोप लागली, सर.

इंग्रजी शब्दांत प्रोग्राम लिहायच्या बाईंच्या फ्लो-मॅटिक भाषेची छाप १९५९ च्या कोबॉल या प्रोग्रामिंग भाषेवर पडली. पण कोबॉल समितीचं काम, बाई सल्लागार, हे तुम्ही बजावून सांगायचात. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रांनी १९७५ मध्ये कोबॉलवर केलेली जहाल टीकाही तुम्हीच वाचायला दिलीत, बँकेत उभी हयात कोबॉलवर काढलेली असूनही! मला कोबॉल पाल्हाळिक वाटते. तरी कारकुनालाही वाचता यावी म्हणून भाषा घडवणाऱ्या बाईंची बाजू मला जास्त पटते.

आणि ती वायर. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, जवळपास ३० सेंटिमीटर जातो, हे दाखवायला हॉपर व्याख्यानांत तेवढ्या लांबीचे तुकडे वाटत. तुम्ही घरातल्या फिटिंगची उरलेली लाल वायर पट्टीने मोजून कापलीत, टोकं पक्कडीने दाबलीत नि माझ्या हातात ठेवलीत. नोकरीच्या पहिल्या दिवशी ती पर्समध्ये होती. आज ऑफिसच्या टेबलावर आहे.

सर, मनापासून आभार. रविवारी बाबांना घेऊन येते. आमच्या थॉमसन द्राक्षांची साखर १८ च्या वर गेली आहे.

तुमची विद्यार्थिनी